वेगळे झालोय पण घर अजून दोघांच्या नावावर : यूकेत बेनिफिट मिळतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लाव, हॅरो, हाउन्स्लो, मिल्टन कीन्स, कुठूनही असो, आपल्या मराठी लोकांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. सगळ्यात जास्त जीव तुटतो तो एका गोष्टीसाठी, लोक स्वतःच ठरवून टाकतात की घर नावावर आहे म्हणजे आपल्याला काही मिळणार नाही, मग अर्जच करत नाहीत, आणि नेमके जे पहिले सहा महिने नियम तुमच्या बाजूने असतो तेच हातचे जातात. मालमत्तेच्या कायद्याचं जे लिहिलंय ते इंग्लंड-वेल्सचं आहे, स्कॉटलंडमध्ये तो भाग वेगळा आहे.

१. मी व्हिसावर आहे, मी मुळात अर्ज करू शकते का?

हे आधी बघा, बाकीचं नंतर. तुमच्या ई-व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी मदत घ्यायची नाही) लिहिलेलं असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना महिन्याला मिळणारी सरकारी मदत, पुढे नुसतं यूसी म्हणतो), चाइल्ड बेनिफिट, कौन्सिल टॅक्स रिडक्शन (उत्पन्न कमी म्हणून कौन्सिल टॅक्समध्ये मिळणारी सवलत) यांना हात लावायचा नाही, व्हिसाची अट मोडली असं होतं आणि पुढे आयएलआरला (कायम राहायच्या परवानगीला) त्रास होतो. स्किल्ड वर्कर, त्यांचे डिपेंडंट, स्पाउस व्हिसा, साधारण सगळ्यांवर ही अट असते. आयएलआर किंवा ब्रिटिश पासपोर्ट असेल तर ही अडचण नाही.

पण दोन गोष्टी बऱ्याच जणांना माहीत नसतात. एक, न्यू स्टाइल जेएसए (नोकरी गेल्यावरचा भत्ता) आणि न्यू स्टाइल ईएसए (आजारामुळे काम करता येत नसेल तेव्हाचा भत्ता) हे तुम्ही भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर मिळतात, ते पब्लिक फंड धरलेच जात नाहीत, आणि त्यात घर किंवा बचत किती आहे हेही बघत नाहीत. म्हणजे गेली दोनतीन वर्षं नोकरी करत होतात आणि नोकरी गेली, तर जेएसए सहा महिन्यांपर्यंत मिळू शकतो. दुसरं, स्पाउस किंवा फॅमिली रूटवर असाल आणि हातात काहीच उरलं नसेल तर होम ऑफिसकडे ही अट काढून टाकायचा अर्ज करता येतो. मुलं अडचणीत असतील तर १९८९ च्या चिल्ड्रन अॅक्टच्या सेक्शन १७ खाली कौन्सिलला मदत करावी लागू शकते, व्हिसा कुठला का असेना. मारहाण, छळ असेल तर सरळ प्रश्न १५ वर जा.

आणि डिपेंडंट व्हिसा नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसाला बांधलेला असतो, वेगळं झालं की त्याचा पायाच जातो, म्हणून बेनिफिटच्याही आधी इमिग्रेशनच्या रजिस्टर्ड सल्लागाराला गाठा, व्हॉट्सअॅपवरच्या जाणकारांना नाही.

२. घर दोघांच्या नावावर आहे, मग यूसी मिळतं का?

मिळू शकतं. यूसीमध्ये तुमची "कॅपिटल" बघतात, म्हणजे बचत, शेअर, राहत नसलेली घरं वगैरे. ६,००० पाउंडपर्यंत काही फरक पडत नाही. ६,००० ते १६,००० मध्ये असेल तर दर २५० पाउंडामागे (उरलेल्या तुकड्यासाठीसुद्धा) महिन्याला ४.३५ पाउंड कापतात, म्हणजे १०,००० असतील तर ६९.६० पाउंड कमी. १६,००० च्या वर गेलं की यूसी बंद.

आता खरा प्रश्न असा की तुमचा घरातला हिस्सा या १६,००० मध्ये मोजतात का. तुम्ही त्याच घरात राहताय तर प्रश्न ३, तुम्ही बाहेर पडलात तर प्रश्न ४.

३. तो घर सोडून गेला, मी मुलांबरोबर तिथेच राहते. घराची किंमत मोजतील का?

नाही. ज्या घरात तुम्ही राहता ते मोजत नाहीत, ते तीन लाखांचं असो की नऊ लाखांचं. त्याचं नाव असण्याने तुमच्या अर्जावर काही परिणाम होत नाही. तुम्ही सिंगल म्हणून अर्ज करायचा, आधी दोघांचा मिळून यूसी चालू असेल तर ऑनलाइन अकाउंटमध्ये बदल कळवायचा, तो कळवेल म्हणून थांबू नका, दोघांनी आपापलं सांगायचं असतं.

आणि लगेच कौन्सिलला कळवा की घरात आता एकच मोठं माणूस आहे, कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट मिळते, ही सूट उत्पन्नावर नाही आणि बेनिफिटमध्येही धरत नाहीत, त्यामुळे व्हिसावाल्यांनाही चालते.

४. घर मी सोडलं. ती आणि मुलं तिथे आहेत, मी एका रूमवर राहतोय. माझा अर्धा हिस्सा मोजणार का?

इथे नियम नीट वाचा कारण सगळं इथेच आहे. जोडीदारापासून वेगळं झाल्यामुळे घर सोडलं असेल तर सोडल्यापासून सहा महिने तो हिस्सा मोजत नाहीत, आत कोणी राहो न राहो.

आणि मागे राहिलेला जोडीदार "लोन पेरेंट" असेल, म्हणजे एकटा मुलांना सांभाळत त्याच घरात राहत असेल, तर सहा महिन्यांनंतरही मोजत नाहीत, ती परिस्थिती आहे तोपर्यंत. तुमच्या बाबतीत हेच लागू आहे, त्यामुळे हिस्सा असूनही यूसीला अडचण नाही. फक्त अर्जात "माझ्या नावावर घर आहे" हे लपवू नका, "माजी जोडीदार लोन पेरेंट म्हणून तिथे राहते" असं जर्नलमध्ये (यूसीच्या ऑनलाइन अकाउंटमधली निरोप लिहायची जागा) स्पष्ट लिहून ठेवा. समोरच्या ऑफिसरला हा नियम ठाऊक असेलच असं धरून चालू नका, २०१३ च्या युनिव्हर्सल क्रेडिट रेग्युलेशन्समधलं शेड्यूल १० असं नाव घेऊन लिहा.

५. सहा महिने संपले, मुलं नाहीत (किंवा मोठी झालीत). आता?

आता हिस्सा मोजायला सुरुवात होते, पण तरी दोन दारं उघडी आहेत. घर विकायचे किंवा हिस्सा सोडवायचे खरेखुरे प्रयत्न सुरू असतील तर ते सुरू केल्यापासून सहा महिने पुन्हा मोजत नाहीत, आणि विक्री लांबली तर मुदत वाढवूनही मिळू शकते. प्रयत्न म्हणजे इस्टेट एजंटचं पत्र, सॉलिसिटरशी झालेला पत्रव्यवहार, कोर्टात टाकलेला अर्ज, असं काहीतरी कागदावर दिसलं पाहिजे, नुसतं "आम्ही बोलतोय" चालत नाही. दुसरं दार म्हणजे किंमत, ते प्रश्न ६ मध्ये.

एक फसवा प्रसंग सांगून ठेवतो. ती लोन पेरेंट होती म्हणून तुमचा हिस्सा मोजत नव्हते, मग तिने दुसरं लग्न केलं किंवा कोणी तिच्याबरोबर राहायला आलं, की ती लोन पेरेंट राहत नाही, आणि तुमचे सहा महिने तर केव्हाच संपलेले असतात. म्हणजे तिच्या आयुष्यातला बदल तुमच्या बेनिफिटवर येतो. कळल्या कळल्या तुम्ही डीडब्ल्यूपीला (बेनिफिट देणाऱ्या सरकारी खात्याला) सांगायचं, नाहीतर जास्त दिलेले पैसे ते नंतर वसूल करतात.

६. माझा हिस्सा मोजणारच असतील तर घराच्या अर्ध्या किमतीने मोजतील का?

वेगळा पुरावा नसेल तर दोघांचा समान हिस्सा धरतात. पण हिस्सा अर्धा म्हणजे किंमत अर्धी असं होत नाही. उदाहरण घ्या, घर ४,००,००० चं, मॉर्गेज बाकी ३,००,०००. विक्रीच्या खर्चापोटी १० टक्के वजा, मॉर्गेज वजा, उरले ६०,०००, त्याचे अर्धे ३०,०००, म्हणजे १६,००० च्या वर, अर्ज नामंजूर. डीडब्ल्यूपी पटकन असा हिशोब करून मोकळी होते.

पण नियमात शब्द आहे त्या हिस्स्याची बाजारातली किंमत. तुम्हीच विचार करा, दुसरी व्यक्ती आत राहतेय, विकायला तयार नाही, अशा घराचा अर्धा हिस्सा बाहेरचा कोण विकत घेईल आणि कितीला? खूप कमी, कधी कधी जवळपास शून्य. कोर्टाने "मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत घर विकायचं नाही" असा आदेश दिलेला असेल (याला मेशर ऑर्डर म्हणतात) तर मुद्दा आणखी पक्का होतो. म्हणून हिस्स्याची व्हॅल्युएशन मागा, शक्य असेल तर सर्व्हेयरचं पत्र जोडा, आणि "अर्धं घर" नाही तर "अर्धा हिस्सा, आत राहणारा सहमालक असताना" हे शब्द वापरा.

घर घेताना डिपॉझिटचे जास्त पैसे एकाने घातले आणि हिस्से ७०-३० असे लिहिले असतील तर घर नावावर करतानाचा टीआर१ फॉर्म किंवा डीड ऑफ ट्रस्ट (हिस्से लिहून ठेवलेला करार) शोधून काढा, समान हिस्सा नाही हे त्यावरून दाखवता येतं.

७. आम्ही वेगळे झालोय पण दुसरं घर परवडत नाही, एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहतो. सिंगल म्हणून अर्ज चालेल का?

चालेल, पण हे सिद्ध करावं लागतं. पत्ता एक असला तरी संसार दोन आहेत असं दिसायला हवं. डीडब्ल्यूपी विचारते ते अगदी घरगुती असतं, किराणा कोण आणतं, स्वयंपाक वेगळा होतो का, कपडे कोण धुतं, बिलं कशी वाटता, जॉइंट अकाउंट बंद केलं का, नातेवाईकांना सांगितलंय का. एकाच कुकरमध्ये दोघांचा भात लागत असेल, पगार एकाच अकाउंटमध्ये येत असेल तर अवघड जातं. फ्रिजमधले कप्पे वेगळे, खरेदीच्या पावत्या वेगळ्या, सॉलिसिटरचं पत्र, घटस्फोटाच्या अर्जाची तारीख, असं जे असेल ते जमवून ठेवा.

आपल्याकडे अजून एक अडचण येते, आईवडिलांना कळू नये म्हणून गावी फोनवर "सगळं ठीक" चालू असतं, गणपतीला दोघं जोडीने पूजेला बसतात, फोटो जातात. त्यामागचं दुःख कळतं आम्हाला, पण चौकशी झाली तर हे खरं खरं सांगा, की घरच्यांना अजून सांगितलेलं नाही आणि का नाही. लपवलं आणि नंतर निघालं तर वाईट दिसतं.

प्रश्न ४ मधले सहा महिने अजून सुरूच झालेले नाहीत हेही लक्षात घ्या, ते घर सोडल्यापासून मोजतात, मन मोडल्यापासून नाही.

८. मॉर्गेज कोण भरणार? यूसीमध्ये मॉर्गेजचे पैसे मिळतात का?

बँकेसाठी दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार, तो निघून गेला म्हणून त्याची अर्धी जबाबदारी संपत नाही आणि तुमचीही फक्त अर्धी होत नाही. हप्ता चुकण्याआधी बँकेला फोन करा, चुकल्यानंतर नाही.

यूसीमध्ये मॉर्गेजसाठी थेट पैसे नाहीत. सपोर्ट फॉर मॉर्गेज इंटरेस्ट, म्हणजे एसएमआय, आहे, पण ते २०१८ पासून कर्ज आहे, मदत नाही. यूसी सलग तीन महिने मिळाल्यावर ते सुरू होऊ शकतं (एप्रिल २०२३ च्या आधी नऊ महिने थांबावं लागायचं आणि तेव्हा नोकरीचा एक पाउंड आला तरी मिळत नव्हतं, आता नोकरी असली तरी चालतं). २,००,००० पाउंडापर्यंतच्या कर्जाचं फक्त व्याज, तेही सरकारने ठरवलेल्या दराने, मुद्दल तुम्हीच बघायची. पैसे सरळ बँकेला जातात आणि घर विकलं की व्याजासकट परत द्यावे लागतात, म्हणजे घटस्फोटात वाटणी करताना हे कर्ज हिशोबात धरायला विसरू नका. तो भरत नाही म्हणून राहतं घर टिकवायला पूर्ण हप्ता तुम्ही भरताय, तर त्याच्या वाट्याच्या व्याजाचाही विचार होऊ शकतो, तसं मागा.

जो घर सोडून गेला त्याला त्या घरासाठी एसएमआय नाही.

९. मी बाहेर भाड्याने राहतो. घराचा मालक असताना भाड्याचे पैसे मिळतील?

हो, यूसीसाठी पात्र असाल तर भाड्याचा भागही मिळतो, दुसरीकडे घर आहे यावरून तो नाकारत नाहीत, मोजतात ते फक्त प्रश्न ४ ते ६ प्रमाणे. खाजगी भाड्याला त्या भागाची ठरलेली मर्यादा असते आणि वय ३५ च्या खाली, एकटे, मूल तुमच्याकडे नाही, तर बहुतेक वेळा शेअर्ड घरातल्या एका रूमचाच दर. मुलं वीकेंडला येतात म्हणून मोठी रूम लागते हे खरं असलं तरी मुलांचा भाग ज्याच्याकडे मुलं मुख्यतः राहतात त्यालाच मिळतो.

१०. पुण्यात आमचा फ्लॅट आहे, दोघांच्या नावावर. तो इथे सांगायचा का?

सांगायचा. यूसीमध्ये परदेशातली मालमत्ताही मोजतात, तिथल्या बाजारभावाने, तुमच्या हिस्स्यापुरती, कर्ज आणि १० टक्के वजा करून. "तिथलं इथे कोणाला कळणार" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, हा फ्रॉड होतो.

पण एक सूट आपल्या लोकांना फार उपयोगी आहे. त्या फ्लॅटमध्ये तुमचे आईवडील किंवा सासूसासरे त्यांचं घर म्हणून राहत असतील आणि त्यांनी इथलं पेन्शनचं वय गाठलं असेल (६६, एप्रिल २०२६ पासून ते हळूहळू ६७ कडे जातंय) किंवा आजारामुळे ते काम करू शकत नसतील, तर तो फ्लॅट मोजत नाहीत. भाऊ-बहीणही या जवळच्या नात्यांत येतात, काका-मामा नाही. आईवडिलांचं आधार कार्ड, सोसायटीचं पत्र, वीजबिल असं जोडून द्या. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर ही सूट नाही आणि भाडंही कळवावं लागतं.

गावाकडच्या वडिलोपार्जित घरात, शेतीत सातबारावर नाव लागलेलं असेल तर तोही हिस्सा सांगा. चार चुलत्यांबरोबर न वाटलेल्या जमिनीच्या हिस्स्याला बाजारात भाव फारसा येत नाही, प्रश्न ६ मधला मुद्दा इथेही मांडा.

११. बाबांच्या एफडीवर माझं नाव आहे, शिवाय लग्नातलं सोनं, एलआयसी. हे सगळं बचतीत धरतात?

वेगवेगळं आहे. अंगावरचे, वापरातले दागिने वैयक्तिक वस्तू म्हणून मोजत नाहीत, मंगळसूत्र-पाटल्यांची काळजी सोडा. आयुर्विम्याची पॉलिसीही मोजत नाहीत. बँकेतली रक्कम, एफडी, म्युच्युअल फंड, पीपीएफ मोजतात.

बाबांची एफडी ज्यावर फक्त सोयीसाठी "आयदर ऑर सर्व्हायव्हर" म्हणून तुमचं नाव आहे, ती सांगायची आणि बरोबर पुरावा द्यायचा की पैसे बाबांचे आहेत, त्यांच्या पेन्शनमधून आले, व्याज त्यांच्याच खात्यात जातं. पुरावा नसेल तर अर्धी तुमची धरतील.

१२. मुलांचं काय? आणि तो देतो ते पैसे उत्पन्नात धरतात का?

चाइल्ड बेनिफिट एकालाच मिळतं, दोघांत भांडण झालं तर मूल कोणाकडे राहतं ते बघतात. आधी त्याचा पगार जास्त म्हणून तुम्ही घेत नसाल तर आता घ्या, कारण ते परत करायचा टॅक्स ६०,००० च्या वरच्या उत्पन्नावर सुरू होतो आणि वेगळं झाल्यावर फक्त तुमचं उत्पन्न बघतात.

मुलांसाठी तो जे देतो, चाइल्ड मेंटेनन्स, ते यूसीमध्ये अजिबात धरत नाहीत. पण तुमच्यासाठी म्हणून जे मेंटेनन्स ठरतं ते पाउंडाला पाउंड कापतात. त्यामुळे सॉलिसिटर आकडा लिहिताना कुठला पैसा मुलांचा आणि कुठला तुमचा हे स्पष्ट लिहून घ्या, आदेश झाल्यावर बदलणं कठीण जातं.

१३. माझा हिस्सा भावाच्या नावावर करून टाकला तर? आणि घर विकून पैसे आले तर?

पहिलं करू नका. बेनिफिट मिळावं म्हणून मालमत्ता देऊन टाकली असं ठरलं तर ती तुमच्याकडेच आहे असं धरून हिशोब करतात, म्हणजे हिस्साही गेला आणि बेनिफिटही. कोर्टाच्या आदेशाने किंवा घटस्फोटाच्या खऱ्या तडजोडीत हिस्सा सोडला तर गोष्ट वेगळी, तिथे सॉलिसिटरचा सल्ला लेखी ठेवा.

घर विकलं आणि तुमच्या वाट्याला समजा ४०,००० आले, ते नवीन राहतं घर घ्यायला वापरणार असाल तर सहा महिने मोजत नाहीत, तसं लगेच कळवा आणि पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. घर घ्यायचा विचार नसेल तर १६,००० च्या वर आहेत तोपर्यंत यूसी थांबेल. खरं कर्ज फेडायला हरकत नाही, पावत्या ठेवा.

१४. घर फक्त त्याच्या नावावर आहे, माझं नावच नाही. मग?

लग्न झालेलं असेल तर १९९६ च्या फॅमिली लॉ अॅक्टप्रमाणे तुम्हाला त्या घरात राहायचा हक्क आहे, तो लँड रजिस्ट्रीत फुकटात नोंदवता येतो, फॉर्मचं नाव एचआर१. नोंद झाली की तुम्हाला अंधारात ठेवून घर विकणं अवघड होतं. आजच करा.

आणि ज्यांचं नाव आहे त्यांनी हे बघा, "जॉइंट टेनंट्स" (वेगळे हिस्से न पाडता दोघांची एकत्र मालकी, भाडेकरू नव्हे) असाल तर उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर तुमचा हिस्सा आपोआप त्याच्याकडे जातो, मृत्युपत्रात काही लिहिलेलं असो. साधी लेखी नोटीस देऊन हे तोडता येतं, त्याची संमती लागत नाही.

१५. घरात मारहाण होते, पैसे सगळे त्याच्या ताब्यात आहेत, मी बाहेर पडू शकत नाही.

आधी जीव, मग अर्ज. नॅशनल डोमेस्टिक अब्यूज हेल्पलाइन, ०८०८ २००० २४७, चोवीस तास, फुकट. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स १९७९ पासून आपल्या भागातल्या बायकांसाठी काम करतात, व्हिसाच्या अडचणीही त्यांना नीट माहीत आहेत.

जोडीदाराच्या व्हिसावर असाल आणि छळामुळे नातं तुटलं तर मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशनखाली तीन महिन्यांची परवानगी मिळू शकते, त्या काळात बेनिफिट घेता येतं. वर्क किंवा स्टुडंट व्हिसावाल्याच्या डिपेंडंट पत्नीलाही २०२४ पासून हे खुलं आहे, पण तिच्यासाठी पुढचा आयएलआरचा रस्ता नाही, त्यामुळे अर्ज करण्याआधी सल्ला घ्याच. यूसीमध्ये छळ झाल्याचं सांगितलं आणि पुरावा दिला तर १३ आठवडे काम शोधायची अट लावत नाहीत, मूल तुमच्याकडे असेल तर अजून १३.

घर सोडलं म्हणजे हक्क सोडला असं मुळीच नाही. हिस्सा तुमचाच राहतो.

१६. अर्ज नामंजूर झाला, पत्रात "कॅपिटल जास्त" एवढंच लिहिलंय.

निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्याच्या आत मँडेटरी रिकन्सिडरेशन (निर्णयाचा फेरविचार) मागा, जर्नलमध्ये लिहिलं तरी चालतं. किंमत कशी काढली ते विचारा आणि प्रश्न ४, ५, ६ मधलं तुम्हाला जे लागू आहे ते लिहा. तरी नाही म्हणाले तर पुढच्या एका महिन्यात ट्रिब्यूनलकडे अपील, त्याला फी नाही. इंग्रजीची भीती वाटत असेल तर दुभाषी मागता येतो, मराठी असं नाव घेऊन मागा, नाहीतर हिंदीचा देतात. पहिल्यांदा अर्ज भरायला सिटिझन्स अॅडव्हाइसची हेल्प टू क्लेम सेवा फुकट आहे. पहिले पैसे यायला साधारण पाच आठवडे लागतात, अॅडव्हान्स मिळतो पण तो पुढच्या पैशातून कापून घेतात, त्यामुळे लागेल तेवढाच घ्या.